वाकमचा तवनाप्पा

तवनाप्पाबद्दल चार चांगले शब्द सांगा, असं लोक मला म्हणतात. मलाच म्हणतात, हे विशेष. निपाणीच्या मोटार कारखान्यात आम्ही दोघं सहा वर्षं एका छपराखाली काढली आणि त्याला जवळून बघितलेला माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरलेला नाही, म्हणून. सांगतो की! चार काय, चाळीस सांगतो. फक्त एक गोष्ट आधी कबूल करून टाकतो, म्हणजे मागून कुणी मला ढोंगी म्हणायला नको. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो.

मी बेळगुंदीचा. बेळगावच्या पश्चिमेला दोन-अडीच कोसांवर आमचं गाव. मोटारीच्या नादानं निपाणीला आलो आणि तिथल्या एका उतारूंच्या सर्व्हिस मोटारी चालवणाऱ्या मालकाच्या कारखान्यात मेस्त्री झालो. तंबाखूच्या वखारींच्या मागं आमचं पत्र्याचं छप्पर होतं. हंगामात वारा सुटला की अख्खा कारखाना शिंकायचा. बायको गंगू आणि आई-बाप गावाकडं, आणि मी इथं एका खोलीत हातानं भाकरी थापतोय, असा संसार. पंधरा दिवसांतनं एकदा गावाला जायचो.

माझी बेअरिंग ओतण्यात ख्याती होती. पार कोल्हापूर, चिकोडीकडून इंजिनं यायची माझ्याकडं. पांढरा धातू वितळवून ओतताना तो बाजूनं निसटू नये म्हणून कडेला मातीचा बांध घालावा लागतो. निपाणीची काळी माती वाळली की भेगाळते आणि धातू भेगेतनं पळतो. म्हणून मी बेळगुंदीच्या ओढ्याकाठची तांबडी चिकणमाती न्यायचो. चाळून, मळून, तेलाचं बोट लावून पत्र्याच्या एका डब्यात ठेवायचो. त्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपायचा नाही.

आता तवनाप्पा आला कसा ते सांगतो, आणि त्यासाठी आधी वाकम सांगायला पाहिजे. साहेबलोक व्हॅक्यूम म्हणायचे, आम्ही वाकम. तेव्हाच्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागं, खाली. इंजिन पुढं, वर. मग पेट्रोल वर चढायचं कसं? इंजिन हवा ओढतं ना, त्याच ओढीवर. इंजिनापासनं एक बारीक तांब्याची नळी निघायची ती बॉनेटखालच्या एका छोट्या गोल टाकीला. टाकीतली हवा इंजिन ओढून घ्यायचं, तिची जागा घ्यायला मागचं पेट्रोल वर यायचं आणि तिथनं थेंब थेंब कार्बोरेटरमध्ये उतरायचं. सोपं आहे. पण त्या नळीला सुईच्या टोकाएवढं जरी भोक पडलं, तरी इंजिन बाहेरची हवा पीत बसतं आणि पेट्रोल मागंच राहतं. गाडी सपाटीला धावते, चढाला मरते. आणि ते भोक डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. तेल गळलं तर डाग पडतो, पाणी गळलं तर थारोळं साचतं. हवा आत जाते त्याचा डाग कुठं पडणार?

इनामदारांची अमेरिकन गाडी अशीच माझ्याकडं आली. चार दिवस मी तिच्याशी झोंबत होतो. टाकी उघडली, धुतली, बसवली. इंजिनापासनं टाकीपर्यंतची नळी काढून नवी घातली. दोन्ही तोंडांना कथलाचे डाग दिले. गाडी तवंदीच्या घाटाच्या पायथ्याला जायची आणि धापा टाकत उभी राहायची. मालक रोज येऊन विचारायचे, "परशराम, झालं का रं?" आणि मी रोज म्हणायचो, "झालंच बघा मालक."

चौथ्या दिवशी इनामदारांच्या ड्रायव्हरबरोबर एक सडपातळ माणूस आला. धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पांढरी टोपी, काखेत पिशवी. इनामदारांच्या वाड्यावर बाजाची पेटी दुरुस्त करायला गेला होता, येता येता या गाडीत बसून आला. पेटीवाला! हार्मोनियमचे भाते शिवणारा! ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलं होतं. हा आपला बाजूला उभा राहून मान वाकडी करून ऐकतोय.

"अण्णा," मला म्हणाला, "कुठंतरी शीळ वाजतीय."

"इंजिन वाजतंय ते," मी म्हटलं. "पेटी न्हाय ही."

"व्हय की. खरं शीळ वेगळी हाय. ऐका की जरा."

त्यानं पिशवीतनं सावरीच्या कापसाचा एक पुंजका काढला. दोन बोटांत धरला आणि नळीच्या कडेकडेनं नेत गेला. कापूस हलला नाही. टाकीभोवती फिरवला. हलला नाही. मी मनात हसत होतो. मग तो खाली वाकून ड्रायव्हरच्या पायाशी गेला. काच पुसायच्या वायपरला जाणारी नळी तिथं पत्र्याच्या भोकातनं आत शिरायची. कापूस तिथं टुणकन जाऊन चिकटला. घासून घासून नळीला भोक पडलं होतं. वायपरची नळी त्याच ओढीवर चालते, मुख्य नळीतनंच फुटलेली असते, हे मला काय ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण दिवस मार्गशीर्षाचे. पाऊस नाही, काच पुसायची नाही, मग मी तिकडं कशाला बघू?

मालकांनी त्याला त्याच दिवशी ठेवून घेतला. मला म्हणाले, "तुझ्या हाताखाली ऱ्हाईल." हाताखाली! महिन्याभरात गिऱ्हाईक दारातनंच विचारायला लागलं, "तवनाप्पा हाय काय?"

तवंदीच्या डोंगरात जैनांचं जुनं क्षेत्र आहे, तवनिधी. त्या देवाच्या नवसाचा म्हणून हा तवनाप्पा. घरात कन्नड, बाहेर मराठी. गाडीशी कन्नडात बोलायचा. इंजिन गचके द्यायला लागलं की बॉनेटवर हात ठेवून म्हणायचा, "तडी, तडी." थांब, थांब. आणि अजब म्हणजे ते थांबायचं. मी तेच इंजिन दहा शिव्या देऊन थांबवू शकत नव्हतो.

नळी तपासायची त्याची रीत पेटीवाल्याचीच होती. नळी सोडवायची, एक टोक बोटानं बंद करायचं, दुसऱ्या टोकानं हवा ओढायची आणि झटकन जिभेचा शेंडा त्याच्यावर ठेवायचा. नळी शाबूत असेल तर जीभ धरून ठेवते. सोडली, तर भोक आहे. दिवसातनं दहा वेळा हा माणूस जिभेला नळी लटकवून उभा. मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "तवनाप्पा, लहानपणी आईनं दूध पाजलं न्हाय काय रं?" सगळे हसले. तोही हसला, नळी तशीच जिभेला धरून. मग ती काढून म्हणाला, "पाजलं की अण्णा. म्हणून तर ओढायला येतंय." आणि लोक माझ्यापेक्षा त्याच्या उत्तरावर जास्त हसले.

पाणी प्यायचा तर फडक्यानं गाळून. पेट्रोल भरायचा तेही दुहेरी फडक्यानं गाळून. मी विचारलं, "पेट्रोलातलं जीव कुठं सोडतोस रं?" तर म्हणे, "पेट्रोलात जीव न्हाय अण्णा, कचरा हाय. पाण्यात दोन्ही असतंय." चामड्याला हात लावायचा नाही. पेटीच्या भात्याला चामडं लागतं, म्हणूनच तो धंदा सोडायचा त्याचा विचार चालला होता. टाकीच्या झाकणाखाली आम्ही चामड्याची चकती घालायचो, तो बुचाची कापून घालायचा. आणि दिवस बुडायच्या आत जेवायचा. पाच वाजले की त्याची नजर पश्चिमेच्या दाराकडं. हातातलं काम जागच्या जागी ठेवून हात धुवायचा, डबा सोडायचा. सूर्य गेला की मग सकाळपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. एखादं काम अडलं आणि वेळ टळली, तर उपाशी झोपायचा, पण कुणाला सांगायचा नाही. मला हे कळलं तेही त्याच्या मोकळ्या न झालेल्या डब्यावरनं.

सांगा, अशा माणसाचा राग तरी कसा करायचा? मी करायचो.

एकदा मालकांची स्वतःची गाडी चालेना. मालकांना चिकोडीला कोर्टात जायचं होतं, तारीख होती. तवनाप्पानं बॉनेट उघडलं, ऐकलं, कापूस फिरवला आणि म्हणाला, "नळ्या बऱ्या हाईत. टाकीला श्वास न्हाय." वाकमच्या टाकीच्या डोक्यावर एक वाकडी नळी असते, हवा आत यायला. पेट्रोल खाली उतरायचं तर वरनं हवा यायला पाहिजे ना. त्या नळीत कुंभारणीनं घर केलं होतं. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, मातीचं घर बांधते ती. काळ्या मातीनं नळीचं तोंड लिंपून टाकलं होतं.

"तारेनं ढोसलं की झालं," मालक म्हणाले.

"आत आळी हाय मालक."

"मग?"

"मग हळूच काढाय पाहिजे."

आणि काढली! नळी सोडवून, मागनं काडी घालून, ते मातीचं घर अख्खंच्या अख्खं बाहेर काढलं आणि छपराच्या वाशाच्या खाचेत नेऊन ठेवलं. अर्धा तास गेला. मालक चिकोडीला उशिरा पोचले आणि वकिलाचं बोलणं खाऊन आले. मला वाटलं, आता बसणार याला. संध्याकाळी मालक परत आले ते वाशाकडं बोट दाखवत, "काय रं तवनाप्पा, तुझी लेक सासरला गेली का न्हाय अजून?" म्हणून हसत बसले. मी असा उशीर केला असता तर? माझ्या सात पिढ्या निघाल्या असत्या.

पण माझी खरी जिरली ती बेळगुंदीला. आमच्या गावच्या भजनाची पेटी बिघडली होती. मी सहज बोललो आणि तवनाप्पा म्हणाला, "मी येतो की अण्णा." रविवारी दोघं गेलो. देवळाच्या ओट्यावर बसून त्यानं भाता उघडला, कापडाच्या पट्टीला लाख लावून फट बुजवली. चामडं होतं त्याला गावातल्या एकाकडनं टाका घालून घेतला. दोन तासांत पेटी बोलायला लागली. माझा बाप तिथं येऊन बसला होता. आयुष्यात मला 'बरं केलंस' म्हणाला नाही तो माणूस. बेअरिंग म्हणजे काय, हे मी त्याला तीनदा समजावून सांगितलं होतं आणि तीनदा तो म्हणाला होता, "म्हंजे लोहारकाम." तो बाप तवनाप्पाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "हात बघ कसा हाय. असा एक पोरगा पायजे होता."

मी तिथंच उभा होतो हो.

दुपारी आईनं उकडलेली रताळी पुढं ठेवली. मला माहीत होतं, कंद खायचे नाहीत असा त्याचा नेम आहे. मी मुद्दामच गप्प बसलो, म्हटलं होऊ दे पंचाईत. तर हा हात जोडून म्हणतो, "आई, मला नेम हाय. खरं वास लई गोड यायलाय, जरा हितंच ठेवा, वासावर भात खातो." आई खुळ्यागत हसली आणि त्याला दह्याची अख्खी वाटी वाढली. गंगू दाराआडनं मला म्हणाली, "बघा, माणूस कसं हळू बोलतंय. आणि तुम्ही मीठ मागताय ते बी वरडून."

परतायच्या आधी मी ओढ्यावर माती खणायला गेलो. तो बरोबर आला. चिमूटभर माती घेऊन त्यानं बोटांत मळली, उन्हात धरली, वळी करून वाकवून बघितली. "लई चांगली माती हाय अण्णा," म्हणाला. "तडा जाणार न्हाय ह्येला." कौतुकानं म्हणाला, मनापासनं. त्यानं माझ्या एका तरी गोष्टीचं कौतुक केलं म्हणून मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण माझ्या डोक्यात बापाचा हात घुमत होता.

आणि मग बेळगावचं निघालं. मालकांनी तिथं मोठा कारखाना काढायचं ठरवलं. जागा घेतली, पत्रे आले. तिथं एक हेड मेस्त्री लागणार होता. बेळगाव! म्हणजे सायकल मारली की तासाभरात बेळगुंदी. गंगूच्या हातची भाकरी, म्हातारा-म्हातारी डोळ्यांसमोर. त्या जागेवर माझा हक्क होता. मी आधी आलेला, मी वयानं मोठा, ते छप्पर उभं राहिलं ते माझ्या बेअरिंगांवर. रात्रंदिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. आणि मालक एका संध्याकाळी सगळ्यांदेखत म्हणाले, "तवनाप्पाला न्यावं म्हणतोय. गिऱ्हाईक त्याचं नाव घेतंय." वर मला, "तू हिथं हाईसच की परशराम." हिथं हाईसच!

गुरुवारी मालक आम्हा दोघांना जागा दाखवायला बेळगावला नेणार होते, आपल्या गाडीतनं. ती गाडी बघायची जबाबदारी तवनाप्पाची. त्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेलो आणि बॉनेट उघडलं.

कुणी सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही. हात आपोआप गेला. डब्यातनं चिमूटभर माती काढली, वळली, आणि टाकीच्या वाकड्या नळीच्या तोंडात अंगठ्यानं आत सारली. म्हटलं, बघू आता घाटात याचे कान कुठं जातात ते. मालकासमोर, रस्त्यात, ऐन चढाला. एकदा तरी त्याचं नाक कापलं जाऊ दे. एकदाच.

मालक स्वतः चालवत होते. शेजारी तवनाप्पा, मागं मी. सपाटीला गाडी कशीबशी ओढत गेली. तवंदीचा चढ लागला आणि दुसऱ्या वळणाला तिनं गचके दिले, धाप टाकली आणि उभी राहिली. मालकांनी चाकामागं दगड लावायला सांगितला. मी उतरून दगड लावला.

"तवनाप्पा, ही तुझी गाडी ना रं?" मालक म्हणाले. आवाज चढला होता. "आज, आणि हिथं?"

"व्हय मालक, माझीच." त्यानं बॉनेट उघडलं. कापूस काढला, नळीवरनं फिरवला. हलला नाही. टाकीला कान लावला. त्यानं वाकडी नळी सोडवली, मागनं तार घातली आणि हळूच, कुंभारणीचं घर काढलं होतं तितक्याच हळू, आतली मातीची गोळी तळहातावर घेतली.

काळ्या मातीच्या मुलखात, काळ्या मातीच्या घाटाखालनं आलेली गाडी, आणि त्याच्या पांढऱ्या तळहातावर ती तांबडी लाल गोळी. अरे देवा! मला तेव्हा कळलं मी काय करून बसलो ते. साऱ्या निपाणीत ती माती एकाच डब्यात होती. आणि ती कुठं खणली जाते हे माझ्याशिवाय एकाच माणसानं बघितलं होतं.

त्यानं ती बोटांत दाबली. मळली नाही, नुसती दाबली. माझ्याकडं बघितलंच नाही.

"काय हाय रं ते?" मालक गाडीतनं ओरडले.

"माती हाय मालक."

"परत कुंभारीण?" मालकांना एकदम हसू आलं. राग कुठल्या कुठं गेला. "ह्या बायांनी माझ्याच गाडीचा पत्ता लिवून घेतलाय जणू. बघ, आत आळी असंल तर मारू नगंस. न्हायतर मला पाप लागंल."

तवनाप्पा खोटं बोलत नसे, तो त्याचा नेमच होता. तो काहीच बोलला नाही. गोळी फडक्यात गुंडाळली, सदऱ्याच्या खिशात घातली, नळी बसवली आणि गाडी सुरू झाली. बेळगावपर्यंत मी मागं बसून त्याच्या टोपीकडं बघत होतो. आता सांगेल, मग सांगेल, हत्तरगीला पाणी प्यायला थांबलो तेव्हा सांगेल. माझा सदरा पाठीला चिकटला होता.

बेळगावात जागा बघितली. मालक खूश. मधोमध उभे राहून म्हणाले, "काय तवनाप्पा, येशील हिथं?"

"मालक," तवनाप्पा म्हणाला, "हितं मोठी इंजिनं येणार. बेअरिंग ओतायचं काम लई पडंल. ते अण्णांचं काम. माझ्या हातचं ओतलेलं महिना टिकत न्हाय, तुम्ही बघितलंय. मी निपाणीतच बरा. तवंदी जवळ हाय. हितं अण्णांना ठेवा."

एकही शब्द खोटा नव्हता. मालकांनी माझ्याकडं बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "ते बी खरं हाय."

झालं. ज्याच्यासाठी मी जीव टाकत होतो ते मिळालं. बेळगावचा हेड मेस्त्री! गंगूनं त्या दिवशी शेवयांची खीर केली. म्हातारा म्हणाला, "बरं केलंस." पहिल्यांदा म्हणाला! आणि मी वाटी तशीच बाजूला सारली, कारण ते 'बरं' माझं नव्हतंच. त्यानं मला चोर म्हणून धरलं असतं तर मी भांडलो असतो, पाया पडलो असतो, काहीतरी केलं असतं. त्यानं मला काही करायला जागाच ठेवली नाही. त्याच्या कानाचा हेवा होता, हाताचा होता, आता त्याच्या मनाचा पण करायचा? माणसानं किती म्हणून हेवा करावा!

मी निपाणी सोडली त्या दिवशी तो निरोपाला आला. माझा मातीचा डबा त्यानंच गाडीत ठेवला.

वर्षं गेली. नव्या गाड्यांना पेट्रोल ओढायला पंप आले, वाकमची टाकी गेली. मग लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना, आणि बसला मागं कोळशाच्या भट्ट्या लागल्या. कोळशाचा गॅसही इंजिन ओढूनच घेतं. म्हणजे परत तेच वाकम आणि तेच भोक. बेळगावात मी अशा बसशी तास न् तास झगडायचो आणि दर वेळी मनात यायचं, तो असता तर कापूस काढला असता. मी पण सावरीचा कापूस आणून ठेवला होता. माझ्या हातात तो नुसता उडायचा.

त्या दिवसांत मी एका लग्नाला निपाणीला चाललो होतो. तवंदीच्या वळणावर बस उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, "मेस्त्री खाली देवळात आलेत, बलवलंय." मी ओळखलं. पाच मिनिटांत तो आला. टोपी तीच, केस पांढरे, हातात फडक्यात बांधलेला डबा. डबा कठड्यावर ठेवून तो थेट भट्टीच्या नळीकडं गेला. मी उतारूंच्या मागं उभा राहिलो. मान वाकडी. कापूस. तळाच्या जॉइंटला चिकटला. ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळली, वर मातीचा लेप दिला. "तडी, तडी," आणि बसनं आवाज धरला.

दिवस बुडायला हातभर उरला होता. त्यानं कठड्यापाशी हात धुतले आणि डब्याची गाठ सोडली. तेवढ्यात मी पुढं झालो.

"अण्णा!" त्याचा चेहरा इतका फुलला की मला तो बघवेना. "कसे हाईसा? आई बऱ्या हाईत? पेटी वाजतीय का अजून?"

"तवनाप्पा," मी म्हटलं, "ती माती मी घातलती."

त्यानं गाठीवरचा हात काढून घेतला.

मग मला थांबताच येईना. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर यायला लागलं. इनामदारांची गाडी, ती वायपरची नळी, बापाचा हात, रताळी, गुरुवारची सकाळ, सगळं सगळं सांगितलं. तू का बोलला नाहीस म्हणून त्याच्यावरच चिडलो. मध्येच रडलो. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. तवनाप्पा माझ्यासमोर उभा राहून ऐकत होता, इंजिन ऐकायचा तसा, मान वाकडी करून. एकदाही त्यानं नजर इकडंतिकडं केली नाही.

मी संपवलं तेव्हा तो म्हणाला, "ती गोळी हाय की माझ्याजवळ. देव्हाऱ्याखाली ठेवलीया. लई चांगली माती अण्णा. इतक्या वर्षांत एक तडा गेला न्हाय." मग माझ्या दंडाला धरून मला बसच्या पायरीपर्यंत आणलं. "जावा आता. लगीन चुकंल."

बस निघाली. मला हलकं वाटत होतं, फार वर्षांनी. पहिल्या वळणाला मी खिडकीतनं मागं बघितलं. तो कठड्याजवळ उभा होता आणि डब्याची सोडलेली गाठ परत बांधत होता. मी पश्चिमेकडं बघितलं. सूर्य केव्हाच गेला होता.

माझ्या पिशवीत गंगूनं दिलेल्या चार पोळ्या होत्या. एवढ्या वर्षांनी मी त्याच्यापुढं माफी मागायला उभा राहिलो, आणि तीसुद्धा त्याच्या तोंडचा घास काढून मागितली. तो मला आता दिसेनासा होत होता. डबा एका हातात धरून दुसरा हात हलवत होता. मी हलवला नाही. तेही मला त्याच्यासारखं जमलं नसतं.